गोठलेल्या सरोवरापासून बेळगुंदीच्या माळ्यापर्यंत

गेल्या पौषात आमचे बेळगुंदीस जाणे झाले. बेळगावच्या पश्चिमेस, राकसकोपच्या जलाशयापासून जवळच, तांबड्या मातीच्या उतारावर वसलेले हे गाव आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या ओळखीचे असेल. भात, बटाटे आणि रताळी ही तिथली पिके. पावसाळ्यात अंगणाला तळ्याचे रूप येते आणि थंडीत सकाळी उशिरापर्यंत धुके हलत नाही. सीमाभागातल्या ज्या खेड्यांतून दरवर्षी मराठी साहित्यसंमेलने भरतात आणि माणसे शेतीची कामे उरकून मंडपात येऊन बसतात, त्यांपैकीच हे एक.

ज्यांच्या घरी आम्ही उतरलो ते गृहस्थ प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. वयाची ऐंशी कधीच उलटलेली, परंतु वाचनाचा नाद तसाच. त्यांचे कौलारू घर उतरवून तिथे पक्के घर बांधायचे ठरले होते. पाडव्याच्या आत कौले उतरायची, म्हणून माळ्यावरचे सामान खाली काढण्याचे काम चालू होते. तांब्याचा बंब, पितळी समया, मोडका पाळणा, आणि सर्वांत शेवटी पत्र्याच्या दोन पेट्या. त्या उघडल्या तेव्हा आत 'किर्लोस्कर', 'स्त्री' आणि 'मनोहर' यांचे जुने अंक निघाले. काही सुताने बांधलेले, काही सुटे, काहींच्या कडा कसरीने खाल्लेल्या. "बुधवारी बेळगावहून रद्दीवाला यायचाय," सूनबाई म्हणाल्या. गुरुजी काहीच बोलले नाहीत. नुसते एकेक अंक उचलून, फुंकर मारून, पुन्हा पेटीत ठेवू लागले.

तेवढ्यात नातवाचा फोन आला. हा नातू अमेरिकेत, डेट्रॉईटजवळ एका मोटारीच्या कारखान्यात अभियंता आहे. त्याने एक छायाचित्र पाठविले होते. चहूकडे पांढरेशुभ्र गोठलेले सरोवर, त्यावर सुपारीच्या पानासारखी अरुंद, निमुळती होडी, होडीखाली तीन पोलादी पाती आणि वर उंच शीड. शिडावर दोनच ठळक अक्षरे, 'डी एन', आणि खाली एक आकडा. आदल्या रविवारी त्या होडीत बसून नातू बर्फावरून मोटारीच्या वेगाने पळून आला होता.

गुरुजींनी चष्मा सारखा केला. "होडी बर्फावर पळते हे एक वेळ मानतो. पण ही अक्षरं कसली हो? कुणाची जाहिरात आहे का?"

त्या घटकेला आमच्यापाशी उत्तर नव्हते. घरी परतल्यावर शोध घेतला, आणि गुरुजींचा अंदाज नेमका बरोबर निघाला. ती जाहिरातच होती, आणि तिचा माग काढीत गेलो तर तो मोटारीच्या जन्मकाळातून फिरून थेट गुरुजींच्या त्या पत्र्याच्या पेट्यांपाशी येऊन थांबला. ती हकीकत आमच्या वाचकांसही रुचेल, म्हणून हा लेख.

वाऱ्याहून वेगवान

बर्फावरची होडी ही कल्पना मूळची हॉलंडातली. सतराव्या शतकात तिथले कालवे हिवाळ्यात गोठत, तेव्हा नावाडी आपल्या शिडाच्या होड्यांना खाली पाती लावून त्याच बर्फावरून चालवीत. पुढे ही विद्या अमेरिकेत गेली आणि न्यूयॉर्कच्या उत्तरेकडील हडसन नदीच्या काठी धनिकांचा तो मोठाच शौक झाला. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेल्या फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे काका जॉन रूझवेल्ट यांच्या 'आयसिकल' नावाच्या बर्फनौकेची लांबी 69 फूट होती. 1871 साली या नौकेने नदीकाठच्या रुळांवरून धावणाऱ्या शिकागो एक्स्प्रेस गाडीशी शर्यत लावली आणि ती जिंकली. आगगाडी म्हणजे वेगाची परमावधी असे जग समजत होते, त्या काळची ही गोष्ट.

ज्या वाऱ्यावर होडी चालते, त्याच वाऱ्याला ती मागे कशी टाकते, असा प्रश्न वाचकांना पडेल. आम्हांलाही पडला होता. सायकल चालविणाऱ्याला त्याचे अर्धे उत्तर अनुभवाने ठाऊक असते. हवा अगदी पडलेली असली तरी सायकल जोरात हाकली की तोंडावर वारा लागतो; तो आपणच आपल्या वेगाने निर्माण केलेला असतो. बर्फनौका आडव्या वाऱ्यावर निघते, आणि पळू लागताच तिलाही समोरून असा स्वतःचा वारा लागतो. खरा वारा आणि हा स्वतःचा वारा मिळून शिडावर अधिक जोराचा वारा येऊ लागतो. शिडाचे काम पक्ष्याच्या पंखासारखे असल्यामुळे त्या वाढलेल्या वाऱ्यातून ते आणखी ओढ घेते आणि होडी आणखी पळते. पाण्यातल्या होडीला पाणी अडविते. बर्फावर पोलादी पात्याला अडविणारे जवळजवळ काहीच नसते. म्हणून चांगली बर्फनौका वाऱ्याच्या तिप्पट-चौपट वेग सहज गाठते.

इंजिन नाही, इंधन नाही, धूर नाही, आणि तरीही आगगाडीला हरविणारा वेग! एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घोड्याविना चालणारी गाडी करू पाहणाऱ्या कारागिरांना बर्फाचे ते विस्तीर्ण, सपाट अंगण खुणावू लागले असल्यास नवल नाही. रस्ते खडबडीत आणि चिखलाचे होते. हिवाळ्यातले सरोवर मात्र मैलोन् मैल मोकळे पडलेले असे.

फोर्डसाहेबांची बर्फावरची बाजी

डेट्रॉईट शहराला लागूनच सेंट क्लेअर नावाचे मोठे सरोवर आहे. 1904 सालच्या जानेवारीत ते नेहमीप्रमाणे गोठले होते. हेन्री फोर्ड यांनी आदल्या वर्षीच आपली मोटार कंपनी काढली होती आणि चार सिलिंडरांची एक नवी, महागडी गाडी त्यांना विकायची होती. पण लोकांचा विश्वास बसेना. मोटार म्हणजे श्रीमंतांचे वेगवान खेळणे अशीच त्या वेळची समजूत. जी गाडी शर्यत मारील तीच चांगली, असा ग्राहकांचा हिशेब. आपल्याला शर्यतींचे प्रेम नव्हते, पण गाडी विकायची तर दुसरा उपाय नव्हता, असे फोर्ड यांनी पुढे आत्मचरित्रात सांगितले आहे.

त्यांनी 'अ‍ॅरो' नावाची आपली एक जुनी शर्यतीची गाडी बाहेर काढली. तिला ना टप, ना दारे. एक अवाढव्य इंजिन, चार चाके आणि एक बैठक. सरोवरावरचा बर्फ झाडून लांबलचक पट्टा तयार केला, चाके घसरू नयेत म्हणून त्यावर कोळशाची राख पसरली. दुरून गुळगुळीत दिसणाऱ्या त्या बर्फाला जागोजागी भेगा पडलेल्या होत्या. 12 जानेवारी रोजी फोर्ड स्वतः सुकाणूवर बसले. हफ नावाचा त्यांचा मेकॅनिक इंजिनाला गती देण्यासाठी शेजारी दबा धरून बसला. प्रत्येक भेगेवर गाडी हवेत उसळत होती, आणि खाली आल्यावर ती सरळ राहील की उलटेल याची शाश्वती नव्हती. एक मैल अंतर त्यांनी 39.4 सेकंदांत कापले. म्हणजे ताशी 91.37 मैल, आपल्या आजच्या मापाने सुमारे 147 किलोमीटर. जमिनीवर चालणाऱ्या वाहनाचा तो जागतिक विक्रम ठरला.

विक्रम पंधरा-सोळा दिवसच टिकला. त्याच महिन्यात फ्लॉरिडाच्या वाळूवर दुसऱ्या एकाने तो मोडला. परंतु फोर्ड यांचे काम झाले होते. वर्तमानपत्रांनी बातमी छापली आणि फोर्ड हे नाव घरोघर पोहोचले. चाळिशी गाठलेल्या, बायकामुले असलेल्या गृहस्थाने स्वतःचा जीव पणाला लावून केलेली ती जाहिरात होती.

जाहिरातीची शक्ती त्यांना त्या दिवशी कळली, आणि तिचा दुसरा, अधिक शांत मार्ग त्यांच्या कंपनीने पुढे शोधला. 1908 साली ज्या गाडीने पुढे जग बदलले ती 'मॉडेल टी' बाजारात आली. त्याच वर्षी कंपनीने 'फोर्ड टाइम्स' नावाचे स्वतःचे नियतकालिक सुरू केले. विक्रेत्यांना माहिती द्यावी, गाडी कशी राखावी ते शिकवावे, सफरींच्या हकीकती सांगाव्यात, आणि हे सारे करता करता कंपनीचे नाव वाचणाऱ्याच्या मनात रुजवावे, असा त्याचा हेतू. माल विकणाऱ्याने ग्राहकाच्या हाती वाचण्याजोगे काही द्यावे, ही कल्पना त्यामागे होती.

बेळगावची सायकल, बेळगावचा नांगर

आता वाचकांनी आमच्याबरोबर बेळगावास परत यावे.

बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर हे किर्लोस्कर घराण्याचे गाव. मराठी संगीत रंगभूमीचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर याच गावचे, आणि 1869 साली जन्मलेले लक्ष्मणराव किर्लोस्करही याच गावचे. लक्ष्मणराव चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, पण काही रंग त्यांच्या डोळ्यांना नीट ओळखता येत नाहीत असे निघाले. रंग सुटले, रेघ राहिली. ते यांत्रिक आलेखन शिकले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत शिक्षक झाले. इकडे बेळगावात थोरले बंधू रामुअण्णा यांच्यासह त्यांनी सायकलींचे दुकान काढले. किर्लोस्कर समूह आपली स्थापना मानतो ती याच उद्योगापासून, 1888 सालापासून.

त्या काळी सायकल ही आजच्या मोटारीहूनही अपूर्वाईची वस्तू होती. ती घ्यायला लागणाऱ्या पैशापेक्षाही ती चालविण्याचे भय मोठे. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत आणि रामुअण्णा बेळगावात त्या विकीत. एवढेच नव्हे तर घेणाऱ्याला चालवायलाही शिकवीत. प्रतिष्ठित माणसाने भर रस्त्यावर दोन चाकांवर डोलत जाणे, हीच त्या दुकानाची पाटी होती. छापील जाहिरातीची तिला गरज नव्हती.

बढतीच्या वेळी आपल्याला डावलून दुसऱ्यास नेमले म्हणून लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावास आले. सायकलीपाठोपाठ कडबा कापण्याचे यंत्र आले आणि मग लोखंडी नांगर. इथे मात्र गाडी अडली. लोखंडाने जमिनीत विष भिनते, अशी शेतकऱ्यांची ठाम समजूत होती. लाकडी नांगर बापजाद्यांचा, हा परका. पहिले नांगर कितीतरी काळ दुकानात तसेच पडून राहिले. फोर्ड यांच्यापुढे होता तोच पेच लक्ष्मणरावांपुढे होता: वस्तू चांगली आहे, पण विश्वास कसा बसवायचा? इथे ना गोठलेले सरोवर होते ना शर्यत. एका शेतकऱ्याने नांगर नेऊन पाहावा, त्याचे पीक शेजाऱ्याने बघावे, आणि मग त्याने यावे, एवढाच मार्ग होता. तो धीमा होता, परंतु टिकाऊ ठरला.

पुढे नगराच्या विस्तारयोजनेत कारखान्याची जागा गेली आणि किर्लोस्कर बंधूंना बेळगाव सोडावे लागले. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची ओसाड जमीन त्यांना दिली. निवडुंगाने आणि सापांनी भरलेल्या त्या माळावर 1910 साली किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. बेळगावकरांच्या मनात याची हळहळ अजूनही आहे. गुरुजीही तेच म्हणाले: "आमच्या हातून गेलं बघा ते!" परंतु जे गेले ते सर्वस्वी गेले असे आम्हांस वाटत नाही. याच घराण्याने 1941 साली हरिहर येथे 'मैसूर किर्लोस्कर' काढली, 1946 साली बंगळुरास विजेच्या यंत्रांचा कारखाना घातला, आणि 1997 साली जपानच्या टोयोटा कंपनीशी भागी करून पुढे बंगळुराजवळ बिडदीस मोटारी बनवायला आरंभ केला. बेळगावात सायकल शिकविणाऱ्यांचे वंशज शतकानंतर मोटारकार झाले, तेही कन्नड मुलखात. 1956 साली नकाशावर रेघ ओढली गेली. माणसांच्या हातांतले कसब दोन्ही बाजूंस पूर्वीच पसरले होते.

जाहिरातीच्या पोटी जन्मलेले मासिक

किर्लोस्करवाडीत लक्ष्मणरावांच्या मदतीला त्यांचे पुतणे शंकर वासुदेव, म्हणजे महाराष्ट्राला 'शंवाकि' या नावाने परिचित झालेले शंकरराव किर्लोस्कर, येऊन दाखल झाले. तेही चित्रकलेचे शिक्षण घेतलेले. काकांची रेघ यंत्राच्या आराखड्यात गेली, पुतण्याची जाहिरातीत. नांगर, मोटा, चरक यांची माहितीपत्रके, चित्रे, मजकूर हे सारे त्यांच्याकडे आले. शेतकऱ्याला वस्तूचे नाव सांगून भागत नाही, तिचा उपयोग समजावून द्यावा लागतो, हे त्यांनी ओळखले.

याच सुमारास फोर्ड कंपनीचे ते 'फोर्ड टाइम्स' त्यांच्या पाहण्यात आले. आपल्याही कारखान्याचे असे एखादे पत्र असावे, या कल्पनेने त्यांना झपाटले आणि 1920 साली 'किर्लोस्कर खबर' निघाली. त्याच वर्षी 'किर्लोस्कर ब्रदर्स' ही मर्यादित कंपनी झाली. आरंभी 'खबर' म्हणजे कारखान्याचे वृत्तपत्रच: कोणते नवे यंत्र तयार झाले, ते कसे वापरावे, कोणाचा अनुभव काय. पण वाडी ही पुस्तकांच्या पेठेपासून दूर, आणि वाचणारा खेड्यातला. त्याला उद्योगाबरोबर आरोग्य, शिक्षण, विज्ञान, गोष्ट आणि विनोद हेही हवे होते. मजकूर वाढत गेला, जाहिरात आपल्या जागी मागे सरकत गेली, आणि यथावकाश 'खबर' हा शब्द गळून नुसते 'किर्लोस्कर' उरले. ना. धों. ताम्हनकरांसारखे लेखक वाडीतच राहून लिहू लागले. स्वातंत्र्यवीर सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध याच मासिकातून महाराष्ट्राला हलवून गेले. 1930 साली 'स्त्री' आणि 1934 साली 'मनोहर' निघाले. मराठी मध्यमवर्गाच्या तीन पिढ्यांची मने घडविणारी ही तीन मासिके, आणि त्यांचे मूळ नांगराच्या माहितीपत्रकात!

फोर्ड कंपनीने दाखविलेली वाट शंवाकिंनी उचलली, परंतु ते तिच्या पुष्कळ पुढे गेले. 'फोर्ड टाइम्स' अखेरपर्यंत कंपनीचेच पत्र राहिले. 'किर्लोस्कर' मात्र साऱ्या मराठी समाजाचे झाले.

गुरुजींच्या घराण्याची आठवण या हकीकतीत नेमकी बसते. त्यांच्या आजोबांनी बटाट्याच्या रानासाठी लोखंडी नांगर आणला तेव्हा घरात दोन दिवस कोणी धड जेवले नाही म्हणे. एक हंगाम तो गोठ्यात झाकून ठेवला. दुसऱ्या हंगामात बांधाकडेच्या एकाच तुकड्यात चालविला, की विष भिनले तर तेवढ्याच जमिनीत भिनावे. पीक नीट आले. मग पुढे केव्हातरी त्या नांगराच्या मागोमाग मासिकही घरात शिरले. "आमच्या घरात छापलेलं मराठी पहिल्यांदा आलं ते पोथीचं," गुरुजी म्हणाले, "आणि दुसऱ्यांदा नांगराच्या मागनं." त्यांच्या आईला अक्षरओळख नव्हती. 'स्त्री'तला मजकूर ऐकता ऐकता तिने चूल फुंकीत अक्षरे गिरविली, आणि म्हातारपणी ती स्वतः वाचू लागली. पेटीतल्या काही अंकांच्या समासात पेन्सिलीने काढलेली वेडीवाकडी अक्षरे आम्ही पाहिली, ती तिचीच.

'डी एन' म्हणजे काय?

आता नातवाच्या त्या होडीचे कोडे. 'डी एन' म्हणजे 'डेट्रॉईट न्यूज', त्या शहरातले एक वृत्तपत्र. 1930 नंतरची ती दहा वर्षे अमेरिकेत मंदीची होती. मोटारींच्या राजधानीतही हजारो हात रिकामे. या वृत्तपत्राने वाचकांसाठी लाकूडकामाची एक कर्मशाळा चालविली होती. 1936-37 च्या हिवाळ्यात तिथे आर्ची अ‍ॅरल, नॉर्मन जॅरेट आणि जोसेफ लॉज या तिघांच्या हातून एक लहान, स्वस्त बर्फनौका आकारास आली: लांबी 12 फूट, शीड 60 चौरस फूट, बसणारा एकच. साध्या हत्यारांनी घरच्या घरी बनविता येईल अशी ती होती, आणि पन्नासएक वाचकांनी त्या कर्मशाळेत जमून ती बनविली.

आणखी एक गंमत पाहा. हडसनवरच्या त्या धनिकांच्या अजस्र नौका एका नदीला बांधलेल्या असत. तिथे बर्फ चांगला नसला की शौक बंद. ही चिमुकली होडी मोटारीच्या टपावर बांधून नेता येत असे. ज्या सरोवरावर बर्फ चांगला धरला असेल तिथे घेऊन जावी, उतरवावी आणि पळवावी. मोटारीने बर्फनौकेचा अंत केला नाही. तिला खांद्यावर घेऊन गावोगाव फिरविले, आणि राजेरजवाड्यांचा खेळ कामगाराच्या आवाक्यात आणला. आज जगात याच जातीच्या बर्फनौका सर्वांत अधिक आहेत. अमेरिकेत आणि युरोपात त्यांच्या स्पर्धा होतात. शिडावर त्या वृत्तपत्राची आद्याक्षरे अजून मिरवतात, आणि चालविणाऱ्या कित्येकांना ती जाहिरात होती हे आठवतही नसेल.

फोर्ड यांनी जिथे जीव पणाला लावला त्याच सरोवराच्या परिसरात ही होडी जन्मली. दोन्ही जाहिरातीच, परंतु एकीने लोकांना थक्क केले, दुसरीने त्यांच्या हाती रंधा दिला. पहिलीची कीर्ती पंधरा दिवसांत मोडली. दुसरी ऐंशी वर्षांनंतरही बर्फावर पळते आहे. रामुअण्णांची सायकलीची शिकवणी आणि शंवाकिंची 'खबर' या दोन्हींची जात दुसरीचीच, असे आम्हांस वाटते. विकणाऱ्याने घेणाऱ्याला काही शिकविले की वस्तू झिजून जाते आणि विद्या मागे उरते. गुरुजींच्या घरचा नांगर केव्हाच मोडीत गेला. त्यांच्या आईची अक्षरे मात्र समासात आहेत.

पानांचे काय झाले?

हे सारे आम्ही गुरुजींना दूरध्वनीवरून सविस्तर सांगितले. रद्दीवाल्याला त्यांनी दोन वेळा परत पाठविले होते. एका ग्रंथसंग्रहाकडे विचारणा केली होती, तेव्हा तिकडून उत्तर आले की अंक घेऊ, पण बांधणी करताना जाहिरातींची पाने काढून टाकावी लागतील; जागा अपुरी आहे. असे करण्याची पद्धत जुनीच आहे. वर्षाचे बारा अंक एकत्र शिवताना बांधणारे पुढची-मागची जाहिरातींची पाने फाडून टाकीत, कारण ती 'वाचनीय' नव्हेत. म्हणूनच आमच्या कित्येक ग्रंथालयांत कथा-कविता जपल्या गेल्या आहेत, पण त्या काळी माणसे कोणता साबण लावीत, कोणते औषध घेत, यंत्राला किती पैसे मोजीत, कोणत्या शब्दांनी भुलत आणि कोणत्या शब्दांनी शहाणी होत, हे सांगणारी पाने रद्दीत गेली. ज्या मासिकाचा जन्मच जाहिरातीतून झाला, त्याचीच जाहिरातींची पाने फाडावी, हा दैवाचा उफराटा न्याय म्हणायचा.

गुरुजींनी ती अट नाकारली. त्यांनी सूनबाईंच्या आणि शेजारच्या दोन मुलींच्या मदतीने अंक वर्षवार लावले. कडुनिंबाची वाळलेली पाने मध्ये घातली. नव्या घराच्या आराखड्यात माळा नाही. पण देवघराच्या भिंतीत एक कपाट वाढवून घेतले आहे. नातवाने उन्हाळ्यात येऊन प्रत्येक पानाचे, जाहिरातींसकट, छायाचित्र काढण्याचे कबूल केले आहे. ती छायाचित्रे मग बेळगुंदीत, बेळगावात आणि डेट्रॉईटमध्ये एकाच वेळी राहतील.

आमच्या वाचकांची घरे इंदूर, बडोदे, हैदराबाद, बंगळूर, तंजावर अशी दूरदूर पसरलेली आहेत. त्या घरांच्या माळ्यांवरही अशा पेट्या असतील. घर बदलताना, वाटणी होताना किंवा वडीलधारी माणसे गेल्यावर त्या उघडतात, आणि तेव्हा निर्णय घ्यायला बहुधा एक दुपारच मिळते. रद्दीवाला दारात उभा असतो. अशा वेळी निदान एक अंक उचलून शेवटचे पान उलटून पाहावे, एवढीच आमची विनंती. समासात कोणाची तरी अक्षरे असण्याचा संभव आहे.

गुरुजींचे परवा पत्र आले. कौले उतरली, नव्या घराचा पाया भरला. पत्रासोबत त्यांनी शाळकरी वहीच्या पानावर काढलेले एक चित्र पाठविले आहे: राकसकोपचा जलाशय, त्यावर एक शिडाची होडी, आणि शिडावर मराठीत दोन अक्षरे, 'बे' आणि 'गुं'. खाली लिहिले आहे, "आमच्याकडे बर्फ पडत नाही. वारा मात्र भरपूर आहे."